पुसायचा राहिलेला शेजार

“ताई, ही निळी बाई ह्या पिवळ्याकडे बघतसुद्धा नाही,” लॅपटॉपकडे बघत मी म्हणाले.

अश्लेषाताई आमच्या पडवीत खाली बसून सॉक्स उन्हात वाळत घालत होत्या. त्यांनी मानही वळवली नाही. “नसेल आवडत.”

“अहो, तो तिला खेटून बसलाय. आणि ही लग्न कुणाशी करते? तर व्हाळाच्या पार त्या टोकाला बसलेल्या निळ्याशी!”

“मोजल्यास किती?”

“बारा जोड्या.”

“पन्नास मोज. मग चहा.”

ही मी नववीत असतानाची गोष्ट. आता बारावीत आहे आणि बोलायला लागले की मला थांबवायला दोन मैत्रिणी लागतात. तेव्हा तशी नव्हते. वर्गात माझा हात वर्षातून दोनदा वर जायचा, तोसुद्धा बाहेर जायची परवानगी मागायला. मी बोलायचे फक्त अश्लेषाताईंशी. त्याचं कारण सोपं होतं, त्या कुर्ल्यांविषयी बोलायच्या.

त्या मूळच्या सोलापूरच्या. खेकड्यांवर पीएच.डी. करायला आमच्या गावात आल्या आणि आमच्या माडीवर भाड्याने राहिल्या. त्या खेकडा म्हणायच्या, आम्ही कुर्ली. आल्या तेव्हा त्यांना बिळात हात कसा घालायचा हेही माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी अंगठा फोडून घेतला. मग आई म्हणाली, “रुजूक घेवन् जावा, तिका सगळी बिळां ठावक.” तेव्हापासून मी त्यांची सोबतीण.

आमच्या गावाच्या मधून डांबरी रस्ता जातो. रस्त्याच्या वर कातळाचा सडा आणि वरचीवाडी, खाली खालचीवाडी. व्हाळ, म्हणजे आमचा ओढा, सड्यावरून उतरतो, रस्त्याखालच्या जुन्या दगडी मोरीतून जातो आणि पुढे नदीला मिळतो. ताईंचा प्रश्न एवढाच होता: रस्ता होऊन पन्नास वर्षं झाली, तर वरच्या कुर्ल्या आणि खालच्या कुर्ल्या एकमेकींपासून तुटल्या का? तुटल्या असतील तर दोन्हीकडचं रक्त हळूहळू पातळ होत जाणार, एखादा रोग आला की एक बाजू साफ. आम्ही दोन पावसाळे कुर्ल्या धरल्या. वरच्यांच्या पाठीवर निळ्या नेलपॉलिशचा ठिपका, खालच्यांच्या पाठीवर पिवळ्या. प्रत्येकीच्या पायाचा इवलासा तुकडा बाटलीत, बाटली पुण्याच्या प्रयोगशाळेत. तिथून निकाल यायला दीड वर्ष लागणार होतं.

तोवर ताईंनी लॅपटॉपमध्ये एक खोटा व्हाळ तयार केला होता. त्यात कुर्ल्या म्हणजे ठिपके. त्या जन्मायच्या, फिरायच्या, जोडीदार शोधायच्या, पिल्लं घालायच्या, मरायच्या. आईबापांकडून काय आलं हे पिल्लाच्या रंगात दिसायचं. निळ्या-पिवळ्याचं पिल्लू हिरवं. दहा मिनिटांत तीनशे वर्षं! आणि तीनशे वर्षांनीही पडद्यावर हिरवं काही नाही. वर निळंशार, खाली पिवळंधमक. म्हणजे रस्त्याने तोडलं.

हा निकाल ताईंनी डिसेंबरात शाळेच्या हॉलमध्ये गावाला दाखवला होता. गाव चकित. कुर्ल्यांसाठी रस्त्याखालून वेगळी वाट करून द्या, असा अर्ज लिहिला गेला, दीडशे माणसांनी सह्या केल्या. बेंगळुरूच्या एका मोठ्या परिषदेतही ताईंचं भाषण ठरलं. त्या जानेवारीतल्या शनिवारी वनखात्याचे साहेब हॉलमध्ये येणार, ताई पुन्हा सगळं दाखवणार, अर्ज साहेबांच्या हातात देणार. आणि मी पडवीत बसून जोड्या मोजत होते तो गुरुवार होता.

पन्नास जोड्या मोजल्या. स्पेसबार दाबला की व्हाळ थांबतो, पुन्हा दाबला की चालतो, उलटा बाण दाबला की मागे जातो, एवढं मला येत होतं. पन्नासपैकी पन्नास निळ्या-निळ्या नाहीतर पिवळ्या-पिवळ्या. पण माझं डोकं दुसरीकडेच अडकलं. जोडीतले दोघे एकमेकांजवळ नव्हतेच! एक मोरीत, तर दुसरा पार नदीच्या तोंडाशी. मधे ढीगभर कुर्ल्या, त्यांना ओलांडून ह्यांचं जमलेलं.

मग मी एक केलं. एका निळीचा नंबर लिहून घेतला आणि व्हाळ मागे नेला. मे महिन्यात ती वर सड्यावर होती. आणि तिचा नवरा? तिच्या बिळाला लागून असलेल्या बिळात.

दुसरी जोडी. मे महिन्यात शेजारी. तिसरी. शेजारी. चौथी, पाचवी...

“ताई.”

“झाल्या पन्नास?”

“ताई, ह्या कुर्ल्या पावसात व्हाळात उतरतात, बरोबर? मग जोडीदार व्हाळात जो जवळ असेल तो शोधायला हवा ना?”

“तसंच तर आहे.”

“नाही. ह्या मे महिन्यातला शेजारी शोधतात.”

आता त्या आल्या. हात पुसत माझ्या शेजारी बसल्या. मी एक जोडी दाखवली, दुसरी दाखवली. तिसरीला त्या म्हणाल्या, “योगायोग असेल.” सातवी त्यांनी स्वतःच मागे नेऊन बघितली.

“आणि खऱ्या व्हाळात,” मी म्हणाले, आता मला राहवेना, “मोरीच्या तोंडाशी आपण निळी-पिवळी एकत्र बघितली होती. मी दाखवली तुम्हाला. तुम्ही म्हणालात, एखादी असते.”

“रुजू, हा प्रोग्राम दोन वर्षं चालतोय. माझ्या सरांनी बघितलाय. परिषदेतल्या तीन लोकांनी बघितलाय.”

“पण त्यांनी जोड्या नसतील ना मोजल्या. त्यांनी नुसते रंग बघितले असतील.”

त्यांनी लॅपटॉप मिटला. जोरात नाही, पण मिटला. “तू खेकडे धर. हे मला बघू दे.”

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. पण मला कानाखाली बसल्यासारखं झालं. मी उठून सरळ न्हाणीघरात गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले, म्हणजे डोळे कशाने ओले ते कुणी विचारणार नाही.

आईने विचारलंच. “काय झाला गो? कोणी काय बोलला?”

“काही नाही.”

“मगे दोघींनी तोंडां कित्याक फुगवल्यानी? ती बाय चाय न पिता वर गेली.”

मला खरंच कळत नव्हतं मी रडतेय कशासाठी. ताई रागावल्या म्हणून की माझं बरोबर असेल म्हणून? कारण माझं बरोबर असेल तर त्यांचं सगळं गेलं. परिषद गेली, शनिवार गेला. दिवाळीपर्यंत पीएच.डी. संपवून घरी येते असं त्या रोज फोनवर त्यांच्या आईला सांगायच्या, तेही गेलं. आणि हे सगळं मी घालवलेलं. गप्प बसले असते तर? पन्नास जोड्या, पन्नास एकाच रंगाच्या, एवढंच लिहून चहा प्यायले असते तर? मला तर गप्प बसायची चांगली सवय होती!

शुक्रवारी मोठ्या सुट्टीत मी शाळेच्या नळावर डबा विसळत होते. समोर अश्लेषाताई. केस तसेच, कालचाच कुर्ता, छातीशी लॅपटॉप धरलेला. मुलं बघायला लागली.

“चल,” त्या म्हणाल्या.

आम्ही प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसलो. त्यांनी लॅपटॉप उघडून माझ्या मांडीवर ठेवला. “दाब.”

मी स्पेसबार दाबला. कुर्ल्या सड्यावरून उतरल्या, व्हाळात आल्या आणि तिथेच, शेजारी जो असेल त्याच्याशी, जोड्या! पिल्लं हिरवी. दहा वर्षं, वीस वर्षं. शंभर वर्षांत अख्खा व्हाळ कच्च्या आंब्यासारखा हिरवागार.

“काय केलंत?”

“एक ओळ घातली.” त्यांनी बोट ठेवलं. “बघ, वर्षाच्या सुरुवातीला प्रोग्राम प्रत्येक खेकड्याचं बाकी सगळ्यांशी अंतर मोजतो. मे महिन्यात पाणी कमी, बिळं कमी, म्हणून कोण कुणाला खेटून आहे ते लागतं. ती यादी तो जपून ठेवतो. मग खेकडे व्हाळात येतात. यादीला ते कळत नाही. जुनं पुसून टाक, नव्याने मोज, असं आपल्याला सांगावं लागतं. मी सांगितलंच नाही. दोन वर्षं सांगितलं नाही.”

“म्हणजे त्या व्हाळात होत्या, पण...”

“पण हिशोबात अजून सड्यावरच.”

नळावर मुलं बादलीवरून भांडत होती.

“चुकलं माझं,” ताई म्हणाल्या. “दोन्ही. ही ओळ, आणि काल तुला जे बोलले ते. ओळ तर एका मिनिटात घातली. तुझ्याकडे यायला मात्र सकाळपासून आत्तापर्यंत वेळ लागला.”

नववीतल्या मुलीची कुणी मोठ्या माणसाने माफी मागितली तर काय म्हणायचं असतं? आम्हाला शिकवलेलंच नाही. मी म्हणाले, “असू दे.” मग वाटलं हे फार मोठ्या बाईसारखं झालं, म्हणून म्हणाले, “चहा प्यायलात का?”

त्या हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरले. “उद्याचं काय करू, सांग.”

“मला काय विचारता? माझा सोमवारी भूमितीचा पेपर आहे.”

“ताप आलाय म्हणून सांगू शकते. सभा पुढे ढकलतील. मग हळूच बदललेलं चित्र लावायचं. कुणाला कळणार नाही. तू आणि मी सोडून.”

त्या खरंच विचारत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर हो म्हणाले असते. इतकं वाईट वाटत होतं त्यांच्यासाठी. तेवढ्यात घंटा झाली आणि मी पळाले. उत्तर न देता पळाले. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

शनिवारी हॉल भरला. बाकं कमी पडली म्हणून मागे सतरंज्या घातल्या होत्या. साहेब खुर्चीवर, टेबलावर अर्ज, त्यावर पेपरवेट. मी सगळ्यात मागे, खांबाला टेकून. मला वाटत होतं ताई येणारच नाहीत.

त्या आल्या. केस नीट विंचरलेले, इस्त्रीचा कुर्ता. माईक हातात घेतला.

“डिसेंबरमध्ये मी इथेच उभं राहून सांगितलं होतं की रस्त्यामुळे खेकड्यांचे दोन भाग झालेत. ते चूक होतं.”

कुजबुज सुरू झाली.

“माझ्या प्रोग्राममध्ये चूक होती. ती माझी चूक आहे, दुसऱ्या कुणाची नाही. अर्ज त्या निकालावर लिहिलेला होता, म्हणून तो आज देऊ नये असं मला वाटतं. परिषदेलाही मी काल कळवलंय की मी येत नाही. आणि ही चूक मला कुणी दाखवली, तर आपल्या शाळेतल्या नववीच्या रुजुता घाडीने.”

अख्खा हॉल मागे वळला. मी खांबामागे सरकले, पण खांब तो केवढा!

पहिल्या रांगेत वरचीवाडीचे भाई गावडे होते. गावात कुठलीही सभा भाईंनी बोलल्याशिवाय संपत नाही. ते उभे राहिले. “मगे आमी सह्यो केलंव त्याचा काय?”

“माफी मागते.”

“दोन वर्सा कुर्ल्यो मोजल्यानी, आणि आता म्हणता चुकला! अरे, खावन् तरी टाकल्यानी असती!”

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबसुद्धा हसले. ताईही हसायचा प्रयत्न करत होत्या. “चूक कशी झाली ते सांगते,” त्या म्हणाल्या. “वर्षाच्या सुरुवातीला जी परस्पर-अंतरांची गणना होते, ती स्थलांतरानंतर पुन्हा...” कुणीतरी जांभई दिली. भाई कान कोरत म्हणाले, “मराठीत सांगा, बाय.” पुन्हा हशा.

ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. बघितलं असतं तर मी म्हणाले असते की त्यांनी बोलावलं म्हणून गेले. त्यांनी बोलावलं नाही. मी सतरंजीवरच्या माणसांचे पाय तुडवत पुढे गेले आणि माईक न घेताच बोलले. कारण माईक मागायचा असतो हे सुचलंच नाही.

“भाई, तुमची पानाची पिशवी शेजाऱ्याला द्या.”

“काय?”

“द्या तर खरी.”

भाईंनी पिशवी डावीकडे सरकवली. डावीकडे खालचीवाडीच्या तेंडोलीकरकाकी बसल्या होत्या. त्यांनी घेतली, आणि आतली सुपारी बघायलाही लागल्या.

“चूक!” मी म्हणाले. “काकी तुमच्या शेजारी नाहीत. तुमच्या घराशेजारी कोण राहतं?”

“दाजी नाईक.”

“मग दाजींना द्या.”

“तो थंय मागे बसलोसा!”

“असू दे. तुम्ही हॉलमध्ये आलात हे मला माहीतच नाही. सकाळी मी गावाची यादी केली, त्यात तुमचे शेजारी दाजी. आता तुम्ही कुठेही बसा, काशीला जाऊन बसा, माझ्यासाठी तुमचे शेजारी दाजीच!”

मग भाई उठले. पिशवी काकींच्या हातातून घेतली, धोतर सावरलं आणि माणसं ओलांडत, ठेचकाळत, “सरका रे,” म्हणत पार मागे दाजींपर्यंत गेले. पिशवी दाजींच्या मांडीवर टाकली. आता सगळा हॉल हसत होता, पण ते हसणं वेगळं होतं.

“कॉम्प्युटरमधल्या कुर्ल्या हेच करत होत्या,” मी म्हणाले. “शेजारी काकी असून दाजींकडे धावत होत्या. म्हणून वरच्या वरच्यांशी, खालच्या खालच्यांशी. म्हणून आपल्याला वाटलं तुटल्या. तुटल्या नव्हत्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आता आपण व्हाळात आलोय, आजूबाजूला बघा. यादी पुसायची राहिली होती, बस.”

“कळला,” तेंडोलीकरकाकी म्हणाल्या. “आमच्या सुनेचा तसाच. हय येवन् चार वर्सा झाली, अजून माहेरच्या शेजारणीकच फोन.”

मला स्वतःलाच माझा आवाज ऐकू येत होता आणि वाटत होतं, ही कोण बोलतेय एवढं?

भाई मागूनच ओरडले. “ता कळला. पण मगे माका एक सांग. रस्त्यान कुर्ल्यांचा काय बिघडला की नाय बिघडला?”

साहेबांनी पेन उचललं. आणि ह्याचं उत्तर मला येत नव्हतं. खोटा व्हाळ आता म्हणत होता बिघडलं नाही. पण तो परवापर्यंत वेगळंच म्हणत होता आणि पुण्याहून बाटल्यांचा निकाल यायचा होता. दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी ताईंकडे बघितलं. त्यांनी माईक खाली ठेवला होता आणि त्या पहिल्या रांगेत, भाईंच्या रिकाम्या जागेवर, काकींच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या. बाकीच्यांसारख्याच माझ्याकडे बघत होत्या, उत्तर ऐकायला.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

कुणी हसलं नाही.

“मलाही नाही,” ताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “येत्या पावसात आम्ही दोघी पुन्हा मोजणार आहोत.”

भाईंनी थोडा विचार केला. “राती जातास मां व्हाळात? माझ्याकडे मोठी बॅटरी आसा. येतंय मी पण.”

ताईंची पीएच.डी. एक वर्ष उशिरा झाली. त्यांच्या सरांनी महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, हे मला खूप नंतर कळलं, आणि तेही त्यांच्याकडून नाही. आता त्या दूर एका विद्यापीठात शिकवतात. दर रविवारी फोन असतो. मी आंतरशालेय वक्तृत्वात पहिली आले तेव्हा आईच्याही आधी त्यांना सांगितलं.

त्या मला चिडवतात. “तुझ्यामुळे माझं एक अख्खं वर्ष गेलं गं, रुजू.”

परवा मी म्हणाले, “गेलं नाही, ताई. माझ्याकडे आहे. आणि मी ते परत देणार नाही.”

त्या म्हणाल्या, “ठेव. तुझ्याकडेच ठेव.”